आईचं नाव कुठल्या रकान्यात?

कॉव्हेंट्रीच्या मध्यवस्तीत चाइल्समोर मॅनर नावाची लाकडी चौकटीची जुनी वास्तू आहे. मध्ययुगात हा वाडा राजघराण्याकडे, 'ब्लॅक प्रिन्स' एडवर्डकडे होता. त्याच्या उरलेल्या भागात शहराचं नोंदणी कार्यालय थाटलं गेलं. इंग्लंडात १८३७ साली सरकारी विवाहनोंदणी सुरू झाली, तेव्हा तक्त्यातले रकाने ठरले: वधूवरांची नावं, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण आणि मग दोघांच्याही वडिलांचं नाव व वडिलांचा धंदा. आईला जागाच नव्हती. ती मिळायला ४ मे २०२१ हा दिवस उजाडावा लागला. तब्बल १८४ वर्षं इंग्लंड आणि वेल्समधल्या नवरानवरीच्या आया लग्नाच्या कागदावर नव्हत्या.

हे या गावात जास्तच खटकतं, कारण गावाचं सगळ्यांत गाजलेलं नाव एका बाईचं आहे. लेडी गोडायव्हा म्हणजे मूळची गॉडगिफू, देवाची देणगी. आपल्याकडची देवदत्ता म्हणा. तिचा नवरा लिओफ्रिक हा मर्सियाचा अर्ल. दोघांनी इथे मठ स्थापला. तिने घोड्यावरून गावात फेरी मारल्याची दंतकथा नंतरची, पण १०८६ च्या 'डूम्सडे बुक'मध्ये कॉव्हेंट्रीची जमीन तिच्या नावावर आहे, हे कागदोपत्री खरं. तिला आडनाव नव्हतं, कारण तेव्हा ते कुणालाच नव्हतं.

१०६६ मध्ये नॉर्मन आले आणि गॉडगिफू, लिओफ्रिक ही नावं काही पिढ्यांत मागे पडली. घरोघरी विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, जॉन. एका गल्लीत पाच जॉन झाले की कारकुनाची पंचाईत व्हायची. मग कुणाचा जॉन, कुठला जॉन, काय करणारा जॉन, दिसायला कसा, असे चार प्रश्न पडले आणि त्यांच्या उत्तरांतून इंग्लिश आडनावं घडली. कर गोळा करणाऱ्यांच्या याद्यांनी ती पक्की केली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ती बहुतेक ठिकाणी बापाकडून मुलाकडे जाऊ लागली होती.

मध्ययुगातलं कॉव्हेंट्री कापडाचं गाव. इथली निळी रंगाई नावाजलेली, टोप्या करणाऱ्यांचा संघ मातब्बर. त्या धंद्यांची आडनावं आजही इंग्लंडभर आहेत. वेब आणि वेबस्टर विणकरांची, डायर रंगाऱ्यांचं, कॅपर टोपीवाल्यांचं. वॉकर म्हणजे ओलं कापड पायांनी तुडवून घट्ट करणारा. आपले कोष्टी, साळी, रंगारी, शिंपी याच वळणाचे. मात्र एक फरक मला फार मोठा वाटतो. वॉकरचा पणतू वकील झाला की त्याच्या आडनावातला धंदा मुका होतो. आपल्याकडे तो बोलत राहतो आणि ऐकणारा त्यावरून जात हुडकतो. गावावरून पडलेलं 'कर' त्यातल्या त्यात मोकळं, कारण गाव सगळ्यांचं असतं. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंनीही दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावं घेतली. आणि असं नाव गाव सोडल्यावरच पडतं. कोल्हापुरात राहणाऱ्याला कोल्हापूरकर म्हणून कोण ओळखणार? कॉव्हेंट्री हे आडनावही तसंच, गाव सोडून गेलेल्यांना पडलेलं.

या सगळ्यात आई अगदीच नव्हती असं नाही. मॅरियट हे आडनाव मेरीवरून आलं, एमेट एमावरून, मेगसन मेगच्या मुलावरून. विधवेचं घर, आईची मिळकत किंवा बापापेक्षा आईच गावाला ठाऊक, अशी कारणं असत. आपल्याकडे तर राजेच आईच्या नावाने मिरवत. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचे पराक्रम कोरून घेतले, ते आजही वाचता येतात. त्या महाराष्ट्रात पुढे नावाच्या मधल्या जागी बाप येऊन बसला आणि लग्न झालेल्या बाईच्या नावात तिथे नवरा.

कॉव्हेंट्रीच्या उत्तरेला फोल्सहिल भाग आहे. १८४१ मध्ये मेरी ॲन इव्हान्स ही तरुणी वडिलांबरोबर तिथल्या बर्ड ग्रोव्ह या घरात राहायला आली. पुढे कादंबरीकार म्हणून तिने जॉर्ज एलियट हे पुरुषी नाव घेतलं. आपल्याकडे १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर आठवतात. माहेरच्या बाळूताई खरे, सासरच्या मालतीबाई बेडेकर. लग्नाने त्यांचं पहिलं नावही बदललं, आडनावही. विभावरी हे मात्र लेखिकेचं स्वतःचं.

याच फोल्सहिलमध्ये विसाव्या शतकात पंजाबी कामगार येऊन राहिले. ओतशाळांत आणि मोटारींच्या कारखान्यांत राबले. इंडियन वर्कर्स असोसिएशन ही त्यांची संघटना १९३८ मध्ये कॉव्हेंट्रीतच उभी राहिली. १६९९ च्या खालसा परंपरेने शीख पुरुषाला सिंग आणि स्त्रीला कौर हे नाव दिलं. कौर बापाकडून येत नाही, नवऱ्यामुळे बदलत नाही. इंग्रजी फॉर्मला मात्र कुटुंबाचं एकच आडनाव लागतं, म्हणून कैक कौर बायका कागदावर 'मिसेस सिंग' होऊन बसल्या.

मराठी माणसांचं येणं त्यामानाने अलीकडचं. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतली. कंपनीचं मुख्यालय कॉव्हेंट्रीच्या व्हिटली भागात आहे, त्यामुळे पिंपरी-चिंचवडशी या गावाचं नातं जुळलं. आपलं तीनपदरी नाव इथल्या फॉर्मवर आलं की वडिलांचं नाव 'मिडल नेम' ठरतं. इंग्रज मुलीचं मिडल नेम बहुधा आजीचं किंवा आवडीचं. आपल्या मुलीला मात्र दवाखान्यातला आवाज 'सई सुधीर' म्हणून पुकारतो.

महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. मला हा निर्णय मनापासून पटतो. कॉव्हेंट्रीत जन्मलेल्या मराठी बाळाला तो लागू नाही, पण इथे अडवणारंही कुणी नाही. इंग्लंडात आईबाप बाळाला आईचं आडनाव देऊ शकतात, दोघांचं जोडून देऊ शकतात, आईचं नाव मधेही घालू शकतात. जन्मनोंद करताना फक्त तसं सांगायचं. महाराष्ट्राच्या निर्णयात एक जागा मात्र जुनीच राहिली: विवाहितेच्या स्वतःच्या नावापुढे पूर्वीप्रमाणे नवऱ्याचं नाव आणि आडनाव. मुलाच्या नावात आई आली, पण तिच्या नावात तिची आई अजून आलेली नाही.