खाप्याचे माग, गुमगावची खाण आणि हजेरीपट

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा हे जुने गाव आहे. 1867 मध्ये इथे नगरपालिका स्थापन झाली आणि त्याच वर्षी मुंबईची रेल्वे नागपूरला येऊन पोचली. त्या काळी खापा ओळखले जाई ते हातमागासाठी. पुढे जवळच्या गुमगावला मँगनीजची खाण निघाली. शेतीखेरीज पोट भरण्याचे हे दोन मोठे मार्ग, आणि दोन्हींची नाडी दूरच्या बाजारांच्या हाती. कामगारांचे काम का जाते आणि कोणत्या रीतीने जाते, याचे बहुतेक प्रकार म्हणूनच या दहा-पंधरा मैलांच्या परिसरात पाहायला मिळतात.

यंत्र आधी काय गिळते?

यंत्र आले आणि विणकर बुडाला, असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात यंत्र सबंध धंदा एकदम गिळत नाही. आधी त्यातली एखादी पायरी नाहीशी होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 दरम्यान, अमेरिकी कापूस अडकल्याने इंग्लंडच्या गिरण्या वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर तुटून पडल्या. कापूस महागला, त्याबरोबर सूतही महागले. युद्ध संपले, रेल्वे आली आणि तिच्याबरोबर यंत्रावर कातलेले स्वस्त सूत आले. पहिला बळी चरख्याचा गेला. घरी बसून सूत कातणाऱ्यांत बहुसंख्य बाया होत्या. त्यांना कोणी नोटीस दिली नाही, कारण त्यांना कोणी नेमलेलेच नव्हते.

विणकर मात्र टिकला. त्याने तेच गिरणीचे सूत मागावर चढवले आणि जाडीभरडी, टिकाऊ लुगडी विणत राहिला. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, तेव्हा तिच्यात 450 यंत्रमाग होते आणि कातणीच्या चात्या जवळपास तीस हजार. यंत्राचा भर कातणीवर किती होता, हे या आकड्यांवरून कळते. हातमागाला सूत पुरवणारी आणि त्याच्याच गिऱ्हाइकाला कापड विकणारी, अशी दुहेरी भूमिका गिरणीकडे आली. आसपासच्या विणकर गावांना ती आधारही होती आणि प्रतिस्पर्धीही.

युद्ध तिकडे, मंदी इकडे

मँगनीजची गोष्ट वेगळी. पोलाद करायला हे खनिज लागतेच, म्हणून त्याची मागणी पोलादाच्या भट्टीबरोबर चढते आणि उतरते. नागपूर जिल्ह्यात मनसरजवळ विसाव्या शतकाच्या तोंडावर उत्खनन सुरू झाले. पाच-सात वर्षांत रशिया-जपान युद्ध आणि 1905 ची रशियातील उलथापालथ यांमुळे कॉकेशसमधला मँगनीजचा पुरवठा विस्कळीत झाला, आणि मध्य प्रांताच्या खाणींना सुगीचे दिवस आले. भूवैज्ञानिक लुईस ली फर्मर यांनी 1909 मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच तेजीच्या काळातला.

तेजी टिकली नाही. 1930 च्या जागतिक मंदीत युरोप-अमेरिकेतल्या भट्ट्या थंडावल्या, रशियाचे खनिजही बाजारात होतेच, आणि मध्य प्रांतातील खाणींमागून खाणी बंद पडल्या. खणणाऱ्याच्या हातात काही कमी-जास्त झाले नव्हते. दगडही तोच होता. खाणीत काम बहुतेक ठेकेदारामार्फत, जेवढे खणाल तेवढी मजुरी या बोलीवर चाले. असे काम बंद करायला काही लागत नाही. उद्या येऊ नका, एवढे सांगितले की झाले. पुढे 1962 मध्ये मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आजची मॉइल, स्थापन झाली. गुमगावची खाण तिच्याकडे आहे आणि कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे.

1953 चा कायदा

काम जाण्याला भारतात किंमत लागू झाली ती 1953 मध्ये, आणि निमित्त पुन्हा कापडाचेच होते. गिरण्यांच्या गोदामांत माल साठून राहिला होता, कामगारांना बसवून ठेवण्याची वेळ आली होती. सरकारने औद्योगिक विवाद कायदा, 1947 मध्ये नवे प्रकरण घातले. त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, माल साठला किंवा यंत्र बिघडले म्हणून काही दिवस काम देता येत नसेल, तर तो ले-ऑफ. त्यात नोकरी शाबूत राहते आणि मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. कायमचे कमी करायचे असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. शेवटी आलेला आधी जाईल, हा नियमही त्यात होता.

या कायद्यातली खरी मेख हजेरीपटात होती. ले-ऑफची व्याख्याच हजेरीपटावर नाव असलेल्या कामगारापुरती होती. ले-ऑफच्या भरपाईसाठी वर्षभराची सलग सेवा लागे आणि कारखान्यात किमान पन्नास कामगार लागत. घरच्या मागावर विणणारा कोष्टी, त्याला कांड्या भरून देणारी बायको, पाजणी करणारा मुलगा, यांची नावे कोणत्याच पटावर नसतात.

गिऱ्हाईक एकच असेल तर

1976 मध्ये केंद्र सरकारने जनता कापड योजना आणली. गरिबांना स्वस्त साड्या-धोतरे मिळावीत आणि हातमागाला वर्षभर काम मिळावे, असा दुहेरी हेतू होता. विदर्भातल्या विणकरांसाठी नागपूरचे महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ सूत देई आणि विणलेला माल घेई. या सोयीत धोकाही होता. सूत देणारा आणि माल घेणारा एकच असेल, तर त्याने हात आखडता घेतला की माग थांबतोच. 1990 च्या दशकात योजना गुंडाळली गेली.

देशभरातले आकडे पाहा. 1995-96 च्या हातमाग गणनेत विणकर व सहायक कामगार मिळून साडेपासष्ट लाख होते. 2009-10 मध्ये ते 43.31 लाख झाले, 2019-20 मध्ये 35.22 लाख. पाव शतकात तीस लाख माणसे या धंद्यातून गेली, आणि कपात या सदरात त्यांची कुठे नोंद नाही.

गिरणीपासून संगणकापर्यंत

पटावर नाव असलेल्यांची कहाणी मोठ्याने सांगितली जाते. 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. कित्येकांना गिरणीत परतता आले नाही. एम्प्रेस मिल 1986 मध्ये राज्य सरकारच्या ताब्यात गेली आणि 2002 मध्ये बंद झाली. दरम्यान कापड विणणे थांबले नव्हते. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या छोट्या शेडमध्ये गेले होते. पन्नासच्या आतली शेड असली की ले-ऑफच्या भरपाईचा प्रश्नच उरत नाही.

जुलै 2025 मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संगणक-सेवा कंपनीने सुमारे बारा हजार, म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला नव्या श्रम संहिता लागू झाल्या. कारखाने, खाणी व मळे यांत कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी आता तीनशे कामगारांपासून पुढे लागते. आधी ही मर्यादा शंभरची होती. काढलेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम कौशल्य निधीत भरायची, ही तरतूद नवी आहे.

यंत्र, मंदी, गिऱ्हाईक, धंद्याचे स्थलांतर: कारणे चारच, आणि दीडशे वर्षांत त्यांच्यात फारशी भर पडलेली नाही. बदलत आली ती नोंद. कोणाचे काम जाईल हे बाजार ठरवतो. गेलेले काम मोजले जाईल की नाही, हे हजेरीपट ठरवतो. तेव्हा कपातीचा आकडा वाचताना तो किती मोठा आहे, यापेक्षा त्यात कोण धरलेले नाही, हे आधी विचारावे. ठेक्यावरचे सफाईवाले, गाडीवाले, कँटीनमधली माणसे यांची गणती बारा हजारांत होत नाही, आणि खाप्याच्या सूत कातणाऱ्या बायांची तर कधीच झाली नाही.