तळाला काय, वर काय

नाताळची सुट्टी जवळ आली की आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी एक प्रश्न ठरलेला. "सर, यंदा तंबू कुठं?" विचारणारे स्वतः सहसा येत नाहीत, पण त्यांची मुलं येतात, पुतणे-भाचे येतात. मी शिकवतो अर्थशास्त्र. पण गेली वीसेक वर्षं पोरांना डोंगरात एक-दोन रात्री काढायला नेण्याचा नाद लागलाय. त्यामुळं डिसेंबर उजाडला की "बरोबर काय काय द्यायचं हो?" असे आयांचे फोन सुरू होतात. यादी मला तोंडपाठ आहे. पण यंदा यादीच्या आधी एक हकिगत सांगायची आहे. तीन वर्षं ती मी कुणाला धड सांगितलेली नाही.

माझी धाकटी बहीण धारवाडला कन्नड घरात दिलेली. तिची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. तिला लहानपणापासून दमा; तसा आटोक्यात, पण निळा पंप कायम जवळ. मामाबरोबर गडावर राहायला जायचं हा तिचा दोन वर्षांचा हट्ट. शेवटी बहिणीनं होकार दिला आणि सामान बांधायला दोघी टिळकवाडीतल्या आमच्या घरी आल्या. सोबत तिच्या सासूबाईही आल्या. त्यांना आम्ही सगळेच अज्जी म्हणतो.

जायचं होतं पारगडला. चंदगड तालुक्यात, गोव्याच्या हद्दीजवळचा हा गड. 1676 साली महाराजांनी तो उभारला आणि तानाजींच्या मुलाकडं, रायबाकडं सोपवला, असं सांगतात. आजही गडावर वस्ती आहे. मुलांना न्यायला मला तो म्हणूनच बरा वाटतो: हाकेच्या अंतरावर माणूस असतो. आपल्याकडचं भीमगडाचं रान 2011 साली अभयारण्य झालं, त्यामुळं तिथं मनात आलं आणि तंबू ठोकला असं चालत नाही. खानापूर-जांबोटीकडच्या जंगलातही वनखात्याला विचारल्याशिवाय रात्र काढू नये. हे मी पालकांना आधी सांगतो, पिशवीचं नंतर.

तर त्या संध्याकाळी हॉलभर सामान पसरलं होतं. पाठपिशवीचं एक शास्त्र आहे आणि त्यावर मी एरवी तासभर बोलू शकतो. पिशवीच्या आत आधी एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी, म्हणजे पाऊस-दव काही असो, आतलं कोरडं. झोपायचं सामान तळाला. जड वस्तू, म्हणजे धान्य, भांडी, पाणी, मधल्या भागात आणि पाठीला चिकटून. त्या बाहेरच्या बाजूला ठेवल्या तर पिशवी माणसाला मागं ओढते. मोठ्या माणसानं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं घेऊ नये, मुलांनी त्याहून कमी. चाळीस किलोच्या मुलीला पाच-सहा किलो पुष्कळ झाले. पिशवी भरून झाली की तराजूवर ठेवावी. मग आयांनी भरलेले तीन जादा ड्रेस आपोआप बाहेर येतात.

जेवणाच्या बाबतीत मात्र मी अज्जींपुढं हात टेकले. आपण शिदोरी म्हणतो, त्या बुत्ती म्हणतात. बांधणारे हात तेच. मी आणलेली नूडल्सची पाकिटं त्यांनी बोटानं बाजूला सारली आणि कापडात बांधलेली कडक रोट्टीची चवड पुढं ठेवली. कागदासारखी पातळ, तव्यावर पार वाळवलेली जोंधळ्याची भाकरी. ओल नसल्यामुळं ती कैक दिवस टिकते. बरोबर शेंगाहिंडी, कारळ्याची चटणी, गुळाचा खडा आणि पहिल्या दिवसासाठी दुधात भिजवलेल्या दशम्या. ना चूल, ना पातेलं, ना पाणी. शहरातल्या दुकानात "ट्रेकिंग फूड" म्हणून चकचकीत पाकिटं मिळतात. ती मी खाऊन पाहिली आहेत, म्हणून सांगतो, या बुत्तीच्या पासंगालाही ती पुरत नाहीत.

अज्जींशी वाद झाला तो कंबळीवरून. "कंबळी तगोंड होग्री," असं म्हणून त्यांनी काळी घोंगडी माझ्या मांडीवर टाकली. मी ती उचलून पाहिली, अडीच-तीन किलो तरी असावी, आणि "नको अज्जी, झोपायच्या बॅगा आहेत," म्हणून परत दिली. रात्री गडावर मला त्याची किंमत कळली. थंडी जेवढी वरून येते तेवढीच, किंबहुना जास्त, खालून येते. अंगावर दोन पांघरुणं आणि खाली नुसती सतरंजी, हे गणित चुकीचं. खाली फोमची चटई तरी हवी, नाहीतर घोंगडी. लोकरीचं आणखी एक आहे: दवानं भिजली तरी ती ऊब धरते, सुती चादर भिजली की उलट अंगातली ऊब काढून घेते.

आता मूळ गोष्टीकडं येतो.

भाचीची पिशवी मी स्वतः भरली. औषधांचा छोटा डबा केला. त्यात तापाच्या गोळ्या, चिकटपट्टी, जलसंजीवनीची पाकिटं आणि तिचा पंप. डबा टॉवेलमध्ये गुंडाळला, टॉवेल कपड्यांच्या पिशवीत आणि ती पिशवी तळाला. का, तर पंप दाबला जाऊ नये, हरवू नये. बहिणीनं विचारलं, "दादा, पंप घेतलास ना?" मी म्हटलं, "घेतला." खोटं नव्हतं ते. यादीत त्यापुढं खूणही केली होती.

संध्याकाळी गडावर आम्ही शेकोटी केली. लाकूड ओलसर होतं, धूर फार झाला. भाची धुराच्या बाजूलाच बसली होती. खोकली दोनदा, पण बोलली नाही. बोललं तर पुढच्या वेळी आणणार नाहीत, ही भीती. हे तिनं मला नंतर सांगितलं. रात्री एक-दीडच्या सुमाराला शेजारच्या तंबूतून माझ्या मुलानं हाक मारली. ती उठून बसली होती, खांदे वर, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. बोलायला गेली तर दोन शब्दांपलीकडं जमेना.

मी बॅटरी घेतली. लागली नाही. पिशवीत खुपसताना बटण दाबलं गेलं असावं, दिवसभर आतल्या आत जळून सेल उतरले होते. मोबाईल घेतला, तर दिवसभर फोटो काढून आणि रेंज शोधून तोही मेलेला. रेंज नसलेल्या जागी फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि अशानं लवकर उतरतो, हे मी पोरांना दरवर्षी सांगतो. पिशव्या सगळ्या एकाच तंबूत रचलेल्या. कुठली कुणाची ते अंधारात कळेना. हाताला लागली ती पिशवी उलटी केली, ती माझीच निघाली. दुसरी उलटी केली. डबा हाताला लागला, घाईत झाकण उडालं आणि पंप घरंगळत गवतात गेला.

वस्तीवरचे एक आजोबा आमचा गलबला ऐकून मोठी बॅटरी घेऊन धावत आले. त्यांच्या उजेडात पंप सापडला. किती वेळ गेला असेल? पंधरा मिनिटं म्हणतो माझा मुलगा. मला विचाराल तर त्या रात्रीचा तेवढाच भाग आठवतो, बाकी पहाटेपर्यंतचं धूसर आहे. डॉक्टरांनी पंपाबरोबर दिलेली नळी, स्पेसर, धारवाडलाच राहिली होती. तशीच औषध घेतलं पोरीनं. हळूहळू शिट्टी कमी झाली. उजाडेपर्यंत ती माझ्या गुडघ्यांवर हात टेकून, पुढं वाकून बसून राहिली. उजाडताच आम्ही खाली उतरलो आणि गाडी थेट बेळगावला दवाखान्यात. डॉक्टरांनी तपासलं आणि मला एकच वाक्य ऐकवलं: दमेकरी मुलाचा पंप सामानात नसतो, अंगावर असतो.

बहीण ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "दादा, तू तर यादी केली होतीस ना?" पुढं दोन वर्षं तिनं पोरीला पाठवलं नाही, मीही विषय काढला नाही.

तेव्हापासून मी पिशवी भरण्याआधी पोरांना एकच प्रश्न विचारतो: अंधारात, घाईत, एका हातानं काय लागेल? ते वर, नाहीतर बाहेरच्या कप्प्यात, नाहीतर अंगावर. बॅटरी, शिट्टी, पाणी, ज्याचं त्याचं औषध. बॅटरीचा सेल आणि टोपण यांच्यामध्ये कागदाचा तुकडा घालायचा, म्हणजे बटण दाबलं गेलं तरी ती जळत नाही. माणशी एक बॅटरी. "मोबाईल आहे की" हे उत्तर मी ऐकून घेत नाही. कुणाला काय आजार आहे आणि त्याचं औषध कुठल्या कप्प्यात आहे, हे निदान आणखी दोघांना ठाऊक हवं. बाकीचं थोडक्यात सांगतो. तंबूची चेन रात्रभर बंद ठेवायची, कारण मण्यार रात्री हिंडते आणि झोपेत तिचा दंश बऱ्याचदा जाणवतही नाही. सकाळी बूट झटकूनच पाय घालायचा. साप चावलाच तर आवळून बांधणं नाही, कापणं नाही. चावलेला भाग हलू न देता माणसाला सरळ सरकारी दवाखान्यात न्यायचं. जलसंजीवनीचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नव्हे. आणि शेकोटी आता आम्ही करतच नाही. तीळगुळासारखी गोड आठवण असते म्हणतात लोक, असू दे.

गेल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. "ती येते म्हणते या वेळी. मी नाही म्हणणार नाही." आता भाची चौदाची आहे. परवा सगळे आले. पोरगी हॉलमध्ये फतकल मारून स्वतःची पिशवी स्वतः भरत होती. मला हात लावू दिला नाही. पंप गळ्यात दोरीला, दुसरा पंप माझ्या मुलाच्या वरच्या कप्प्यात, स्पेसर तिच्या बाहेरच्या खिशात. अज्जींनी कंबळी आणलीच होती. तिच्या केसांनी पोरीला शिंका येतात म्हणून ती माझ्या पिशवीला बांधायचं ठरलं, वजन किती ते मी पाहिलंही नाही.

सगळं आवरल्यावर पोरीनं माझ्या पिशवीची वरची चेन उघडून आत हात घातला.

"मामा, तुमच्या बॅटरीत कागद घातलेला नाही."