पाटावरचा गोपाळगड

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलाला युद्धदेखाव्याची, म्हणजे डायोरामाची, निम्मी कला आधीच आलेली असते. दगडविटा रचायच्या, वर गोणपाट आणि चिखल, उतारावर अळीव पेरायचे, मावळे मांडायचे. उरलेल्या निम्म्यात दोनच गोष्टी येतात: प्रमाण आणि जुनेपण. अंगणातल्या किल्ल्यावर महाराज महादरवाजाहून उंच असतात आणि तिथे ते शोभतंही. डायोरामात मात्र तेवढ्यानेच सगळं फसतं.

पहिल्या कामासाठी दाभोळमध्ये राहणाऱ्याला विषय शोधत लांब जायला नको. वाशिष्ठीच्या मुखाशी, खाडीच्या पलीकडच्या तीरावर अंजनवेलचा गोपाळगड आहे. फेरीबोटीने धोपाव्याला उतरायचं आणि पुढे रस्त्याने जायचं. तट जांभ्याचा, जमिनीच्या बाजूने खोदलेला खंदक, समुद्राकडे खाली पडकोट. विजापूरकर, शिवाजी महाराज, जंजिऱ्याचे सिद्दी, आंग्रे, पेशवे असं करत १८१८ च्या मे महिन्यात तो इंग्रजांकडे गेला. गोपाळगड हे नाव तुळाजी आंग्र्यांच्या काळातलं. दाभोळच्याच इतिहासात याहून थरारक प्रसंग आहे: १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे बंदर लुटलं आणि जाळलं. पण जळतं शहर, गलबतं, पाणी आणि धूर हे नवशिक्याचं काम नव्हे. एक बुरूज, त्याला लागून थोडा तट, एक तोफ आणि तीन शिपाई एवढं पुरे.

आधी साल ठरवा. समजा १७५०, आंग्र्यांचा अंमल. साल ठरलं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. आज किल्ल्यात आंब्याची झाडं आहेत, तटात झुडपं रुजली आहेत. नांदत्या किल्ल्यात हे कोणी चालू दिलं नसतं, कारण तटातलं झाड चिरा फोडतं आणि शत्रूला वर चढायला आधार देतं. बहुतेक नवशिके आजच्या पडक्या अवशेषाची नक्कल करतात आणि त्यावर आंग्र्यांचे शिपाई उभे करतात. ही चूक सुबक रंगकामानेही झाकत नाही.

आता प्रमाण. १:७२ सोयीचं, कारण या मापाच्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या मिळतात. साडेपाच फुटी माणूस २३ मिलिमीटरचा होतो. तट वीस फूट धरला तर साडेआठ सेंटिमीटर. सव्वा फुटी चिरा पाच मिलिमीटरचा. तळाला जेवणाचा जुना पाट घेतला, तर त्याची ४५ सेंटिमीटर लांबी म्हणजे प्रत्यक्षातले जेमतेम ३२ मीटर. अख्खा किल्ला बसवण्याचा मोह इथेच सुटतो.

तटासाठी थर्माकोल नको, त्याचे मणी सुटतात. इन्सुलेशनचा घट्ट फोम घ्या. बुरूज किंचित निमुळता कापा आणि टोकदार पेन्सिल दाबून चिऱ्यांच्या ओळी काढा. सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. जांभा सच्छिद्र असतो, म्हणून टूथपिकने बारीक भोकं पाडा आणि चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा सगळीकडे दाबून फिरवा. मग पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात. हा थर टाळून थेट स्प्रेपेंट मारलात, तर त्यातलं द्रावण फोम विरघळवतं.

मराठा शिपायांचे तयार संच सहज हाती लागत नाहीत, तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी पायदळाच्या बाहुल्या घ्या. टोपी कापून एम-सीलचं मुंडासं बांधा, कमरेला शेला, पाय अनवाणी. एम-सील लवकर कडक होतो, म्हणून थोडा थोडाच मळा. रंगवण्याआधी बाहुल्या साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग सोलून येतो.

खरी मजा जुनेपणात आहे, ज्याला मॉडेल करणारे वेदरिंग म्हणतात. परदेशी पुस्तकांतली पद्धत बहुधा रणगाड्यांसाठी असते: धूळ, चिखल, उडालेला रंग. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातला एखादा रणगाडा करायचा असेल तर ती चालेल. दाभोळच्या दापोली तालुक्यात मात्र वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि इथे भिंत जुनी होते ती पाण्याने. तेव्हा ब्रश उचलण्याआधी एकच विचार करायचा: पाणी कुठून पडेल, कुठून ओघळेल, कुठे साचेल?

तटाला आधी विटकरी-तपकिरी हात द्या. मग दहातला एखादा चिरा गेरूचा, एखादा जांभळट करा. काळपट तपकिरी रंग चहाइतका पातळ करून सगळीकडे सोडा, तो सांध्यांत आणि भोकांत जाऊन बसतो. पूर्ण वाळल्यावर फिक्या पिवळसर रंगात ब्रश बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि फक्त कडांवरून फिरवा. आता शेवाळ. पावसाळ्यात हिरवं असलेलं शेवाळ उन्हात काळं पडतं, म्हणून तटाच्या माथ्यावरून आणि जंग्यांखालून, म्हणजे मारा करायच्या भोकांखालून, काळे ओघळ सरळ खाली आणा, वर दाट आणि खाली विरळ. हिरवा रंग पायथ्याशी ओल राहते तिथेच. ओघळ आडवा किंवा तिरका गेला की बघणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, ते का हे सांगता आलं नाही तरी.

लोखंडी तोफेवर गंज हात आखडूनच लावा. वापरातली तोफ राखलेली असते. काळ्या रंगावर बत्ती द्यायच्या कानाभोवती, तोंडाशी आणि खालच्या अंगाला तांबूस छटा पुरे.

जमिनीला खरी माती वापरा. ती वस्त्रगाळ करून तव्यावर भाजा, म्हणजे किडे आणि बुरशी राहत नाही. फेविकॉलच्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की मिश्रण मातीत नीट मुरतं. वाळल्यावर माती गडद दिसते, तेव्हा वरून थोडी कोरडी माती भुरभुरा. सुकं गवत म्हणून नारळाच्या काथ्याचे बारीक तुकडे उत्तम दिसतात. देखावा मे महिन्यातला असेल तर गवत पिवळं, श्रावणातला असेल तर हिरवं, आणि तोच हंगाम तटावरही दिसला पाहिजे.

काम झालं की ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदला. एक विनंती: नमुना म्हणून गोपाळगडावरून चिऱ्याचा तुकडा उचलून आणू नका. फोटो काढा, माप घ्या. माती आपल्या परड्यातली चालते.