काचेच्या पेटींतला समुद्र आणि त्याची शेवाळबाग

दिवाणखान्यांत काचेची मोठी पेटी ठेवावी, तींत खारें पाणी भरावें, प्रवाळाचे खडक रचून रंगीबेरंगी मासे सोडावे आणि समुद्राचा एक तुकडा घरांत आणल्याचा आनंद भोगावा, ही हौस मोठी मनोहर खरी. परंतु हा समुद्र फार लहान असतो. खऱ्या समुद्रांत माशानें टाकलेला मळ अथांग पाण्यांत विरून जातो आणि त्याची वासलात लावणारे असंख्य जीव तेथें तत्पर असतात. दोनशें लिटर पाण्याच्या पेटींत मात्र मळाला बाहेर जावयास वाटच नसते. पहिले कांहीं आठवडे सर्व सुरळीत चालतें. मग काचेवर तपकिरी साय धरते, दगडांवर केसाळ शेवाळ माजतें, प्रवाळकीटक आपले देह आंत ओढून घेतात आणि मालक बादल्या भरभरून पाणी बदलीत बसतो. ह्या दुखण्यावर निसर्गाच्याच मार्गानें जाणारा एक उपाय आहे. तो म्हणजे मुख्य पेटीला जोडून शेवाळाची एक लहानशी बाग लावणें हा होय.

ही कल्पना दिसते तितकी नवी नाहीं. १८४६ सालीं ॲना थिन नांवाच्या एका इंग्रज बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळकीटकांचे जिवंत नमुने लंडनला आणले. पाण्यांत हवा मिसळत राहावी म्हणून त्यांच्या घरीं तें पाणी उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत पुन्हां पुन्हां ओतावें लागे. पुढें त्यांनीं भांड्यांत समुद्रवनस्पति ठेवून पाहिल्या, आणि हें काम बरेंचसें त्या वनस्पतींनींच पत्करलें. १८५० मध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञानें गोड्या पाण्यांतील सोनेरी माशांवर असाच प्रयोग करून त्याचा हिशेब मांडला. मासे व पाणवनस्पति एकत्र ठेवल्या असतां प्रथम सर्व ठीक चाललें. पण जुनीं पानें कुजूं लागतांच पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें डबक्यांतल्या कांहीं गोगलगाई आंत सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें फस्त केलीं आणि पाणी निवळलें. जीवांचा हा परस्परांवर चालणारा प्रपंच त्यानें लवकरच खाऱ्या पाण्यांतही साधून पाहिला. आणि १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जनतेसाठीं मत्स्यगृह उघडलें. ह्याच विचाराला अलीकडच्या काळांत शास्त्रीय बैठक दिली ती अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर ॲडी यांनीं. जाळीवर शेवाळाची दाट हिरवळ वाढवावी, तिच्यावरून पेटींतलें पाणी खेळवावें आणि वाढलेलें शेवाळ वेळोवेळीं खरवडून काढावें, अशी त्यांची योजना होती. १९८२ सालीं तिला अमेरिकन पेटंट मिळालें.

शेवाळ हें काम कसें करतें, हें कळण्यासाठीं मळाचा प्रवास पाहिला पाहिजे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो; उरलेलें अन्न व विष्ठा कुजून त्यांत भर पडते. अमोनिया हें माशांस जहर आहे. सुदैवानें दगड व वाळू यांच्या पृष्ठभागावर राहणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइटमध्यें आणि मग नायट्रेटमध्यें रूपांतर करितात. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें असे जंतु वेगळे करून दाखविले. नायट्रेट हें अमोनियाच्या मानानें सौम्य खरें. परंतु तें पाण्यांतून आपोआप उडून जात नाहीं. अन्नांतून येणारें फॉस्फेटही तसेंच सांचत राहतें. आतां हीं दोन द्रव्यें शेतकऱ्यासमोर ठेवलीं तर तो त्यांना खत म्हणेल! पाण्यांत खत आहे, वर उजेड आहे. तेव्हां शेवाळ हें वाढणारच. तें वाढावें कीं नाहीं हें ठरविणें मालकाच्या हातीं नसतें. कोणतें वाढावें आणि कोठें वाढावें, एवढेंच काय तें त्याला ठरवितां येतें.

म्हणून दुसरी पेटी हवी. तिला इंग्रजींत ‘रेफ्यूजियम’ म्हणतात. शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ आश्रयस्थान असा आहे. मुख्य पेटींतलें पाणी वरच्या कडेवरून ओसंडून नळीवाटे खालच्या पेटींत उतरतें, शेवाळांतून संथपणें फिरतें, आणि एक लहान विजेचा पंप तें पुन्हां वर चढवितो. येथें शेवाळ खाणारे मासे सोडीत नाहींत. त्यामुळें शेवाळ निर्वेध वाढतें, आणि त्याच्या गुंत्यांत डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीवही सुखानें प्रजा वाढवितात. पंपाच्या प्रवाहाबरोबर त्यांतले कांहीं वर जातात आणि माशांचें ताजें खाद्य होतात. मँडरीन नांवाचा एक देखणा मासा तर प्रायः अशाच सूक्ष्म जिवांवर जगतो; पुष्कळ पेट्यांतून तो उपासमारीनें मरतो, कारण त्याला हें खाद्य पुरेसें मिळत नाहीं.

बागेंत लावावें तें शेवाळ निवडून घ्यावें लागतें. नवख्या माणसाला सर्वांत निर्धोक तें ‘कीटोमॉर्फा’. तें दिसावयास हिरव्या, ताठर सुतळीच्या गुंडाळ्यासारखें असतें. त्याला मुळें नाहींत, तें कशालाही चिकटत नाहीं, आणि त्याचा गोळा नुसता पाण्यांत तरंगत ठेवला तरी चालतो. ‘ग्रासिलेरिया’ हें तांबूस रंगाचें. वनस्पतिभक्षक मासे तें आवडीनें खातात, म्हणून काढलेलें पीक वायां जात नाहीं. ‘अल्व्हा’ हें पातळ, हिरव्या पानांचें शेवाळ कोंकणच्या खडकांवरही ओहोटीच्या वेळीं पाहावयास मिळतें. ‘कॉलर्पा’ सर्वांत झपाट्यानें वाढतें आणि सर्वांत सुंदर दिसतें. परंतु त्याच्याविषयीं पुढें निराळें सांगावें लागेल.

प्रकाशाची व्यवस्था हें बागेचें मर्म होय. दिवा प्रखर असावा आणि तो रोज दहा-बारा तास जळावा. पण तो रात्रीं लावणें अधिक हिताचें. दिवसा मुख्य पेटींतील वनस्पति कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतात. रात्रीं तें काम थांबतें, श्वसन मात्र सर्वांचें चालूच असतें, आणि त्यामुळें पाण्यांत आम्लता वाढते. वर अंधार असतांना खालीं उजेड असला म्हणजे शेवाळ हा वायु शोषीत राहतें आणि पाण्याची प्रकृति दिवसरात्र जवळजवळ सारखी राहते. गोळा फार दाट झाला तर आंतल्या भागाला उजेड न मिळून तो कुजूं लागतो, म्हणून तो अधूनमधून उलटावा.

सर्वांत मोठी चूक घडते ती कापणीच्या बाबतींत. शेवाळानें शोषलेलें नायट्रेट नाहींसें झालेलें नसतें. तें त्याच्या देहांत बांधलेलें असतें. शेवाळ तेथेंच मेलें तर घेतलेलें सारें कर्ज तें पुन्हां पाण्यांत फेडून टाकतें. दर आठवड्या-पंधरवड्याला सुमारें तिसरा हिस्सा खुडून पेटीबाहेर काढला, तरच मळ खऱ्या अर्थानें घराबाहेर जातो. उरलेल्याला जागा व उजेड मिळून तें नव्या जोमानें वाढतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १९८३ सालीं ॲटकिन्सन व स्मिथ ह्या शास्त्रज्ञांनीं समुद्रतळाच्या वनस्पतींच्या देहांतील घटकांचें प्रमाण प्रसिद्ध केलें. सर्वसाधारणपणें फॉस्फरसच्या एका अणूमागें नायट्रोजनचे ३० व कार्बनचे ५५० अणु असें तें होतें. अर्थात् शेवाळाला नायट्रोजनची भूक फॉस्फरसच्या मानानें पुष्कळच मोठी असते. एखाद्या पेटींत नायट्रेट संपून फॉस्फेट शिल्लक राहिलें, तर शेवाळ फिकट पडतें व त्याची वाढ थांबते. मालकाला वाटतें, दिवा कमी पडला. शेवाळ वस्तुतः उपाशी असतें. अशा वेळीं माशांचें खाणें थोडें वाढविल्यास बाग पुन्हां हिरवी होते. पाणी तपासून पाहिल्याशिवाय उपाय करूं नये, हा नियम मनुष्याच्या दुखण्याइतकाच येथेंही लागू आहे.

आतां कॉलर्पाविषयीं. ह्या वनस्पतीचा देह हातभर पसरला तरी तो एकाच पेशीचा असतो. आंत भिंती नसून केंद्रकें मात्र असंख्य. कधीं कधीं एका रात्रींत ती आपला सारा जीवरस बीजपेशींच्या रूपानें पाण्यांत सोडून देते. सकाळीं पेटी दुधाळ झालेली असते आणि हिरव्या पानांच्या जागीं पांढरीं टरफलें उरतात. प्राणवायु एकाएकीं घटून मासे गुदमरण्याचा धोका असतो.

पण ह्याहून मोठा धोका घराबाहेरचा आहे. १९८४ सालीं मोनॅको येथील समुद्रविज्ञान संग्रहालयाच्या खालच्या समुद्रांत ‘कॉलर्पा टॅक्सिफोलिया’ ह्या उष्ण कटिबंधांतील वनस्पतीचा सुमारें एक चौरस मीटरचा तुकडा आढळला. नीस विद्यापीठाचे अलेक्झांडर माइनेझ यांनीं धोक्याची सूचना दिली. परंतु वाद चालू असतांना वनस्पति पसरत गेली. तुटलेल्या एका लहानशा तुकड्यापासून ती नव्यानें रुजते, आणि तिच्या अंगच्या विषारी द्रव्यामुळें बहुतेक मासे तिला तोंड लावीत नाहींत. नांगरांना व जाळ्यांना चिकटून ती फ्रान्स, इटली, स्पेन येथील किनाऱ्यांवर पोहोंचली. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीनें हा वाण मत्स्यालयांत वाढविल्या जाणाऱ्या वाणाशीं जुळतो असें दाखविलें. २००० सालच्या जूनमध्यें हाच वाण कॅलिफोर्नियांतील कार्ल्सबाडजवळच्या एका खाजणांत सांपडला. तेथें दिरंगाई झाली नाहीं. पाणबुड्यांनीं प्रत्येक झुडपावर ताडपत्री अंथरून तिच्याखालीं क्लोरीन सोडला. २००६ सालीं वनस्पति समूळ नष्ट झाल्याचें जाहीर झालें. ह्या कामीं सत्तर लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला. आणि २००१ सालींच त्या राज्यानें कॉलर्पाच्या नऊ जाति बाळगण्यास बंदी केली.

म्हणून खुडलेलें शेवाळ ओलें असतां मोरींत, नाल्यांत वा समुद्रावर टाकूं नये. तें माशांना खाऊं घालावें; नाहींतर एक दिवस बर्फाच्या कपाटांत गोठवून अगर कडक उन्हांत पुरतें वाळवून मगच केराच्या टोपलींत टाकावें. ज्या जोमामुळें शेवाळ घरांतल्या माशांचे प्राण वांचवितें, तोच जोम मोकळ्या किनाऱ्यावर तेथल्या मूळ वनस्पतींचा घास घेतो. घरांतला समुद्र निर्मळ ठेवण्याची जबाबदारी जशी मालकाची, तशीच त्याचा एकही तुकडा बाहेरच्या समुद्रांत जाऊं न देण्याचीही त्याचीच आहे.