वाटाणा आणि पडदा

आमच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत एक लहानसा प्रसंग घडला. ज्या घरांत एखादी मुलगी, सून अथवा नात शिक्षिका होण्याची तयारी करीत असेल, त्या घरांतील वडील मंडळींस तो उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगतों. त्यांत माझी शोभा होत नाहीं, हें आधींच कबूल करतों.

माझी धाकटी पुतणी येथें नाशिकांतच बी. एड. करते. वनस्पतिशास्त्र घेऊन ती पदवीधर झालेली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनीं हा अभ्यासक्रम एकाऐवजीं दोन वर्षांचा केला, प्रत्यक्ष शाळेंत राहून शिकण्याचा काळ वीस आठवड्यांवर नेला, आणि संगणकादि साधनांचा वर्गांतील उपयोग हाही अभ्यासाचा भाग करून टाकला. आमच्या काळीं शैक्षणिक साधन म्हणजे भिंतीवरचा नकाशा, गुंडाळफळा, आणि शिक्षक फारच उत्साही असला तर मातीचा ज्वालामुखी. मी मॅट्रिक, त्यावर पाठशाळेंतील संस्कृत. तेवढ्या शिदोरीवर छत्तीस वर्षें शिकविलें. तेव्हां पुतणीची ती सारी खटपट मला पोरखेळ वाटे, आणि तसें मी बोलूनही दाखवीत असें.

तिचा सहावीच्या वर्गावर बीजांकुरणाचा पाठ होता. तीन रात्री जागून तिनें टाचण लिहिलें. त्याहून अधिक वेळ पडद्यावर दाखवावयाच्या चित्रांत घातला. एकतीस चित्रें, त्यांना नाना रंग, इकडून तिकडे धांवणारे बाण, आणि शेवटीं वाटाण्याला अंकुर फुटून वेल वर चढतो अशी इंटरनेटवरून उतरवून घेतलेली दीड मिनिटाची चित्रफीत. शाळा जुनी, भरण्याची वेळ दुपारची. वर्गाला पश्चिमेकडे मोठ्या खिडक्या, आणि त्यांना पडदे नाहींत. प्रोजेक्टर मांडून, तारा जुळवून चित्र उमटेपर्यंत पस्तीस मिनिटांच्या तासांतील आठ मिनिटें संपलीं. उमटलेलें चित्रही उन्हानें फिकें पडलेलें.

चित्रफीत मात्र मुलांना फार आवडली. "बाई, परत लावा!" असा एकच गलका झाला. तिनें परत लावली. मग विचारलें, "आधीं काय बाहेर आलें, मूळ कीं कोंब?" वर्ग गप्प. एकानें भीतभीत "कोंब" म्हटलें. दुसऱ्यानें उलट तिलाच विचारलें, "बाई, वाटाणा एवढ्या लौकर उगवतो?" मार्गदर्शक प्राध्यापिका मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनीं पाठनिरीक्षणाच्या वहींत दोनच वाक्यें लिहिलीं : "साधन उत्तम. पाठ कोठें आहे?"

घरीं येऊन ती माजघरांत आजीजवळ बसून रडली. भरलेलें शुल्क बुडालें तरी चालेल, पण पुन्हां त्या शाळेची पायरी चढावयाची नाहीं, येथपर्यंत गोष्ट गेली. अशा वेळीं धीर देणें हें माझें काम. पण "मी सांगत नव्हतों? खडू आणि फळा असतांना हीं थेरें हवींत कशाला?" असें म्हणून मी मोकळा झालों.

तिनें डोळे पुसले. म्हणाली, "काका, मूळ आधीं फुटतें हें तुम्ही फळ्यावर काढून दाखवाल; पण तें फुटतांना कसें दाखवाल? आणि तुमच्या शाळेंत तो टेपरेकॉर्डर होता ना, तो तुम्ही किती वेळां लावलात?"

हा बाण वर्मीं लागला. मुलांनीं शुद्ध उच्चार ऐकावे, स्वतःचे ऐकून सुधारावे, म्हणून आमच्या शाळेनें एक टेपरेकॉर्डर घेतला होता. बिघडूं नये म्हणून तो कपाटांत ठेविला आणि कपाटाची किल्ली माझ्या स्वाधीन झाली. 'श' आणि 'ष' यांतला भेद मी गळा सुकेपर्यंत सांगत असें, मुलें म्हणत, "गुरुजी, आमचा आवाज आम्हांला ऐकवा ना!" त्यांना मी "परीक्षा झाल्यावर पाहूं" म्हणून वाटेस लावीत असें. अशा कित्येक परीक्षा झाल्या. निवृत्तीच्या दिवशीं किल्ली परत करतांना कपाट उघडलें, तों आंतले रबरी पट्टे विरघळून चिकटून गेलेले. कोणीं यंत्र मोडलें नव्हतें. मीं तें वापरूं दिलें नव्हतें, इतकेंच. आणि ही हकीकत मी घरांत आजवर आपल्या जपणुकीचा दाखला म्हणून सांगत आलों होतों! पोरीनें ती नीट ऐकून ठेविली होती.

त्या रात्रीं झोंप लागेना. वाटाण्यावरून फाळक्यांची आठवण झाली. धुंडिराज गोविंद फाळके १८७० सालीं आपल्या त्र्यंबकेश्वरीं जन्मले. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. म्हणजे घराणें आमच्याच पठडींतलें. परंतु मुलानें चाळिशी उलटल्यावर, १९१२ सालीं, लंडनला जाऊन चित्रपटाची विद्या शिकून घेतली. परत आल्यावर भांडवल देणाराची खात्री पटावी म्हणून त्यांनीं काय दाखविलें? राजा नाहीं, राणी नाहीं, कुंडींतला एक वाटाणा! कॅमेरा जागचा हलूं न देतां महिनाभराहून अधिक काळ त्यांनीं त्या रोपाचीं एकेक करून चित्रें घेतलीं, आणि ती सारी वाढ पडद्यावर मिनिटा-दीडमिनिटांत दाखविली. पैसा उभा राहिला; १९१३ च्या मे महिन्यांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. पुढें फाळक्यांनीं बिऱ्हाड व कारखाना नाशिकास हलविला आणि १९४४ सालीं येथेंच देह ठेविला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं त्यांचें स्मारक आहे. तेथें मीं सहलीचीं किती मुलें नेलीं असतील. वाटाण्याची गोष्ट एकालाही सांगितली नाहीं.

सकाळीं ती पुतणीला सांगितली. बोलतां बोलतां आम्हां दोघांनाही एक गोष्ट उमगली. फाळक्यांनीं वाटाणा पेरला, पाणी घातलें, महिनाभर वाट पाहिली. म्हणून त्यांना त्या मिनिटाचें मोल ठाऊक होतें. सहावीच्या मुलांनीं नुसतें मिनिट पाहिलें. वाटाणा एवढ्या लौकर उगवतो काय, असें विचारणारा तो मुलगा वर्गांतला सर्वांत शहाणा होता, आणि त्याला उत्तर मिळालेलें नव्हतें!

मग तिनें मला नातवाच्या पाठ्यपुस्तकांतील एक काळा-पांढरा चौकोन दाखविला. मी त्याला मुद्रकाची नक्षी समजत होतों. तो क्यूआर कोड. मोबाईलनें टिपला कीं त्या धड्याचें चित्र अथवा आवाज पुढें येतो. आपल्या राज्यांत याची सुरुवात सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतून झाली. रणजितसिंह डिसले हे २००९ सालीं तेथें शिक्षक म्हणून गेले, तेव्हां इमारत मोडकळीस आलेली व शेजारीं गुरांचा गोठा. मुलांची घरची भाषा कानडी. पुस्तकें त्या भाषेंत नाहींत. डिसल्यांनीं आधीं स्वतः कानडी शिकून घेतली, मग पुस्तकें मुलांस समजतील अशीं करून त्यांवर हे चौकोन छापले. २०१७ सालीं राज्य सरकारनें सर्व पाठ्यपुस्तकांत ते घालण्याचें जाहीर केलें. २०२० च्या डिसेंबरांत डिसल्यांना दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, व त्यांतील निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. पुरस्काराची वार्ता मीं तेव्हां वाचली होती, कानडीची नव्हती.

इतक्यांत आई स्वयंपाकघरांतून वालाचें फडकें घेऊन आली. तिला आमचें बोलणें अर्धवटच ऐकूं आलें असावें. "अगं, मोड दाखवायला यंत्र कशाला हवं? हे बघ, कालच बांधले होते." पुतणीनें एक दाणा उचलला, निरखून पाहिला आणि एकदम हंसली. ज्याला आपण मोड म्हणून बिरड्यांत खातों, तें त्या दाण्याचें पहिलें मूळ! हें साऱ्या जन्मांत मला ठाऊक नव्हतें.

पुढचा पाठ दहा दिवसांनीं होता. सात दिवस आधीं तिनें प्रत्येक बाकावर ओल्या कापसांत चार वाटाणे व चार मूग ठेवविले. मुलांनीं रोज पाणी शिंपडावयाचें आणि दिसेल तें वहींत काढावयाचें. एकतीस चित्रांतलीं सत्तावीस तिनें स्वतःच्या हातानें पुसून टाकलीं. हें करतांना तिचा चेहरा पाहवत नव्हता. मधल्या सुटींतच प्रोजेक्टर जुळवून ठेविला, आणि आमच्या घरच्या दोन जुन्या सतरंज्या खिडक्यांवर टांगल्या.

मुख्याध्यापकांच्या परवानगीनें त्या दिवशीं मीही मागच्या बाकावर बसलों. तिनें पहिलीं पंधरा मिनिटें यंत्राला हातही लाविला नाहीं. मुलें आपापला कापूस उचलून सांगत होतीं, भांडत होतीं; एका बाकावरचे दाणे जास्त पाण्यानें कुजले होते, त्यांतूनही चर्चा निघाली. मग तिनें मोबाईलचा कॅमेरा एका दाण्यावर धरला आणि तो दाणा भिंतीवर नारळाएवढा झाला. फाटलेली साल, खालीं वळलेलें मूळ, त्यावरचे केंसासारखे तंतु. जें साठ मुलांना एका वेळीं फळ्यावर दाखवितां येत नाहीं, तें हें! शेवटीं ती चित्रफीत लाविली, पण दर थोड्या वेळानें थांबवून विचारी, "आतां पुढें काय होईल? तुमच्या वहींत हा कितवा दिवस?" मुलें दिवस मोजून सांगत होतीं. लौकर उगवण्याची शंका कोणालाच आली नाहीं.

एक मुलगी मात्र उभी राहिली. "बाई, आमच्या मुगाच्या डाळी दांड्याबरोबर वर आल्या. वाटाण्याच्या खालींच राहिल्या. असं का?" खरोखर तसें होतें, मुगाच्या दोन्ही डाळी वर येतात, वाटाण्याच्या मातींतच राहतात. माझी पुतणी वनस्पतिशास्त्राची पदवीधर खरी, पण क्षणभर अडखळली. मग म्हणाली, "छान पाहिलंस. दोन्ही कुंडींत लावूं आणि उद्यां यावर बोलूं." तेवढ्यांत घंटा झाली. शेवटचीं दोन चित्रें व फलकलेखन राहूनच गेलें. निरीक्षणाच्या वहींत त्याबद्दल गुण कापलेले आहेत, आणि ते योग्यच आहेत.

शाळा सोडण्याची भाषा त्यानंतर घरांत निघाली नाहीं. गच्चीवर दोन कुंड्या मात्र आल्या आहेत आणि त्यांना पाणी घालण्याचें काम मजकडे आहे.

तिच्याबरोबरची एक मुलगी संस्कृतचे पाठ घेते. तिच्या वर्गांत लावण्यासाठीं दहा सुभाषितें संथ लयींत म्हणून द्यावीं, अशी मला आज्ञा झाली आहे. काल तीन वेळां म्हणून पाहिलीं. पहिल्या खेपेस कुकरची शिटी आली, दुसऱ्या खेपेस कावळा. तिसऱ्या खेपेस सारें निर्वेध झालें, पण ऐकून पाहतों तों माझाच 'ष' मला 'श' सारखा ऐकूं आला. आज रात्रीं घर निजल्यावर पुन्हां बसणार आहें.