सोसायटीचें दप्तर व जुना संगणक

आमच्या तालुक्यांतील एका विविध कार्यकारी सोसायटीचा संगणक ऐन मार्चअखेरीस बंद पडला. यंत्र दहा वर्षांहून जुनें. त्यांतील हिशेबाची प्रणाली ज्या गृहस्थानें रचून दिली होती, त्यानें तो धंदा केव्हांच सोडलेला. खतावणीची प्रत निघाली ती चार महिन्यांपूर्वींची. मधल्या नोंदी गटसचिवांनीं पावत्यांच्या स्थळप्रतींवरून पुन्हां उभ्या केल्या. त्या कामीं आम्हीहि दोन रात्री त्यांच्याजवळ बसलों. एका पावतीपुस्तकाचा मात्र पत्ता लागला नाहीं. त्यांतील एका खातेदाराची स्वतःची पावतीहि घरांत सांपडेना, आणि भरणा करूनहि तो थकबाकीदार ठरला.

ह्याचा अर्थ आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखालीं ३ लाख रुपयांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडणाऱ्यास व्याज पडत नाहीं. मुदत हुकली कीं सवलत गेली, आणि नवें कर्जहि अडलें. त्या खातेदारानें कपाशीच्या बियाण्यासाठीं सावकाराकडून पैसे काढले. हिशेब जुळून त्याचें नांव थकबाकीच्या यादींतून निघालें तें पोळ्याच्या सुमारास. सावकाराचें व्याज त्याला कोणी परत दिलें नाहीं.

“यंत्र अजून चालतें, मग बदलावें कशास?” असें संचालक मंडळी विचारतात. प्रश्न गैर नाहीं. विहिरीवर एकच इंजिन वीस वर्षें चालविणारे आम्हीहि हेंच म्हणत आलों. परंतु इंजिनाचा सुटा भाग कोणीहि कुशल कारागीर घडवून देतो. संगणकाचें लोखंड झिजण्याआधीं त्याची राखण संपते. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज एक्सपीची राखण ८ एप्रिल २०१४ रोजीं, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजीं आणि विंडोज १० ची सर्वसाधारण राखण १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. त्यापुढें अशा प्रणालींत जीं नवीं छिद्रें सांपडतात तीं बुजविलीं जात नाहींत. कुंपण उभें दिसतें, भगदाड मात्र तसेंच राहतें. खेड्यांतील दप्तरावर कोण डोळा ठेवणार, असें समजूं नये. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांस संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, तेव्हां सुमारे ३०० ग्रामीण व सहकारी बँकांचे ऑनलाइन व्यवहार तात्पुरते तोडावे लागले होते.

चोर न येतांहि अशुद्ध दप्तर केवढा घोळ घालतें तें सबंध राज्यानें २०१७ सालीं पाहिलें. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचे अर्ज संगणकावर घेण्यांत आले. बँकांची माहिती व अर्जांतील माहिती जुळेना, निरनिराळ्या खातेदारांपुढें एकच आधार क्रमांक दिसूं लागला, आणि पात्र माणसेंहि ताटकळलीं.

केंद्र सरकारनें २९ जून २०२२ रोजीं देशांतील सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणासाठीं २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. महाराष्ट्रांतील सुमारे १२,००० संस्था तींत आल्या. नाबार्डमार्फत सर्वांस एकच प्रणाली मिळते, व हिशेब एका कपाटांतील यंत्रावर अवलंबून राहत नाहीं. ही योजना आम्हांस मनापासून पसंत आहे. भीति आहे ती जुन्या चुका नव्या दप्तरांत तशाच उतरण्याची. मराठवाड्यास हा अनुभव नवा नाहीं. निजामी अमलांतील महसुली दप्तर उर्दूंत होतें. त्यांतील एखादें नांव ताडून पाहण्यासाठीं आजहि कांहीं घराण्यांस जुनी नक्कल वाचणारा माणूस शोधावा लागतो.

म्हणून खातीं नव्या प्रणालींत नेण्यापूर्वीं प्रत्येक सभासदाची बाकी त्यास वाचून दाखवावी व सही घ्यावी. निदान एक हंगाम कीर्द दोन्हीकडे लिहावी. गटसचिवांस पुरेसें शिक्षण द्यावें. एकट्याच्या खांद्यावर तीन-चार गांवांचें काम टाकून दोन दिवसांच्या वर्गानें तो तयार होईल ही अपेक्षा आम्हांस अन्यायाची वाटते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आंत भरते. तींत चेअरमनांस इतकेंच विचारावें कीं, आपल्या खतावणीची शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे, आणि ती ह्या इमारतीबाहेर कोठें ठेविली आहे.