गल्ली अरुंद होते ती नकाशावर

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या खरेदीखतांच्या आणि वारसदारांच्या जाहिरातींच्या गर्दीत अधूनमधून एक चौकट येते. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ अशी तिची सुरुवात. मग मौजे अमुक, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, ‘शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे’ किंवा ‘आरक्षण अंशतः वगळणे’, आणि शेवटी हरकती-सूचनांसाठी एक महिन्याची मुदत. अक्षर एवढं बारीक, की चष्मा असूनही पेपर खिडकीपाशी न्यावा लागतो. ही चौकट मन लावून वाचणारे दोघेच: ज्याची जमीन आहे तो, आणि त्याचा आर्किटेक्ट. बाकीची आळी त्या सकाळी ‘आमच्या गेटसमोर गाडी कुणी लावली’ या प्रश्नात गुंतलेली असते.

गेटसमोरच्या त्या गाडीचं उत्तर बहुतेक वेळा अशाच एखाद्या चौकटीत, किंवा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या स्टॅम्पपेपरवर सापडतं. पार्किंगचा तंटा आपण वाहतूक पोलिसांच्या खात्यावर टाकतो. मुळात तो जमिनीच्या वाटणीचा तंटा आहे.

गुंठ्यापासून सुरुवात करू. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. शहराच्या हद्दीलगत एखाद्याची एकरभर जमीन आहे आणि तिचे प्लॉट पाडायचे आहेत, असं धरा. सरळ मार्गाने जायचं तर बिनशेतीचे सोपस्कार आणि नगररचना खात्याकडून रेखांकनाला मंजुरी हवी. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे रेखांकनातला १५० मीटर लांबीपर्यंतचा अंतर्गत रस्ता ९ मीटर रुंद लागतो, आणि जमीन ०.४ हेक्टर किंवा त्याहून जास्त असेल तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एकर जेमतेम या मर्यादेच्या वर बसतो. रस्ता आणि मोकळी जागा वजा केली, की चाळीसातून विकायला तीसेक गुंठे उरतात.

दुसऱ्या मार्गाला फक्त चुन्याची फक्की लागते. मधून पंधरा फुटांचा रस्ता आखायचा, मोकळी जागा विसरायची, आणि सदतीस गुंठे विकायचे. वरचे सहा-सात गुंठे हा विकणाऱ्याचा निव्वळ नफा. मुलांचं मैदान, वळणारी रुग्णवाहिका आणि गाडी लावायची जागा ही सगळी नेमकी त्याच सहा-सात गुंठ्यांत होती.

हा हिशेब आकड्यांत मांडला की गल्लीतली भांडणं स्वच्छ दिसतात. पंधरा फूट म्हणजे साडेचार मीटर. साधी मोटार पावणेदोन मीटर रुंद. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मध्ये एक मीटर उरतो, दुचाकीपुरता. मग कुणीतरी दारापुढे कुंड्या मांडतो, कुणी सिमेंटने भरलेला डबा ठेवतो, कुणी जिन्याच्या पायऱ्या रस्त्यात काढतो. या माणसांना आपण बेशिस्त म्हणतो. बेशिस्त ती आहेच; पण नऊ मीटरच्या रस्त्यावर तेच लोक इतके बेशिस्त दिसले नसते.

असे प्लॉट विकले जाऊ नयेत म्हणून कायदा नव्हता असं नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा होता. तो शेतीसाठी केलेला; भावाभावांच्या वाटण्यांत जमिनीच्या इतक्या चिंध्या होऊ नयेत, की नांगर फिरवायलाही जागा उरू नये, हा त्याचा हेतू. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकायचा तर लगतच्या शेतकऱ्यालाच विकावा, अशी त्यात तरतूद. शेताच्या बांधावर ती शोभून दिसते. पुण्या-संभाजीनगराच्या वेशीवर मात्र तिची वाट लोकांनी पहिल्याच पावसाळ्यात शोधली. एक गुंठा एकट्याच्या नावावर होत नाही? मग दहा-अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे घ्यायचे, सात-बारावर सगळ्यांची नावं सामाईक चढवायची, आणि आत कुणाचा तुकडा कुठला हे आपापसात ठरवायचं. ज्यांना तेही जमलं नाही त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून, नोटरी करून घेतलं.

सरकारने यावर वेळोवेळी जे केलं त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. २००१ साली अशा विनामंजुरी प्लॉटांची गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला; १ जानेवारी २००१ पर्यंतची गुंठेवारी विकास शुल्क आणि प्रशमन शुल्क भरून पदरात घ्यायची. ती मुदत २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली. तुकडेबंदीचा भंग झालेले व्यवहार २०१७ पासून बाजारमूल्याच्या पंचवीस टक्के रक्कम भरून नियमित होऊ लागले. २०२४ मध्ये ते पाच टक्क्यांवर आले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या अध्यादेशाने शहरी भागांतल्या १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या व्यवहारांसाठी तेही माफ झालं. मध्यंतरी, जुलै २०२१ मध्ये, मंजूर रेखांकनाशिवाय एक-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवूच नका असं परिपत्रक नोंदणी खात्याने काढलं होतं. औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये ते रद्द ठरवलं.

या माफीला सरसकट नाकं मुरडण्यात अर्थ नाही. गुंठा घेणारा माणूस रिक्षा चालवणारा, एमआयडीसीत पाळी करणारा, भाजीची गाडी लावणारा. त्याला परवडेल असा मंजूर प्लॉट शहराने कधी दिलाच नाही. नागपुरात ‘५७२ ले-आउट’ आणि ‘१९०० ले-आउट’ हे शब्द लहान मुलालाही ठाऊक असतात. तिथे प्लॉटची चौकशी ‘आरएल आहे का’ इथून सुरू होते, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र मिळालंय का. ते पत्र मिळालं की बँक कर्ज देते, घरावर मजला चढतो, पोरीच्या लग्नात घराची किंमत सांगता येते. हे सगळं खरं आणि रास्त आहे. फक्त सात-बारा नियमित झाल्याने रस्ता एका इंचानेही रुंद होत नाही, हे कुठल्याही अध्यादेशात लिहिलेलं नसतं. विकणारा सहा-सात गुंठे घेऊन केव्हाच गेलेला असतो. त्याच्याकडून ते वसूल करण्याची तरतूद प्रत्यक्षात कुणी वापरताना दिसत नाही.

बरं, मंजूर वस्तीत तरी सगळं आलबेल आहे का? तिथे ‘हार्डशिप’ नावाची खिडकी आहे. प्लॉट वेडावाकडा आहे, मधून नाला गेलाय, नियमाप्रमाणे चारी बाजूंना सामासिक अंतर सोडलं तर इमारतच उभी राहत नाही, अशा खऱ्या अडचणीत आयुक्तांना सूट देण्याचा विशेषाधिकार आहे. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत तो होता, आताच्या नियमावल्यांतही आहे. आरोग्य, अग्निसुरक्षा आणि इमारतीची मजबुती यांना बाधा येता कामा नये, ही त्याला अट. तरतूद शहाणपणाची आहे. पण मुंबईत कमी सोडलेल्या अंतराबद्दल अधिमूल्य भरायचं आणि सूट घ्यायची, हा पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रस्तावातला ठरलेला रकाना होऊन बसला. अपवादाचं दरपत्रक झालं की अडचण कुणाची आणि कशी, हे विचारायचं कारण उरत नाही. ज्याच्या खिडकीपासून अंतर कमी झालं त्या शेजाऱ्याला यातला पैसा मिळत नाही, आणि परवानगीआधी त्याला विचारलंही जात नाही.

एडिसन किंवा न्यू जर्सीतल्या दुसऱ्या एखाद्या गावात घर असलेल्या मराठी माणसाला हे ऐकून नवल वाटेल. तिथे नियमाला अपवाद मागणाऱ्याने २०० फुटांच्या आतल्या सर्व मालकांना सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. शेजारी बोर्डासमोर उभा राहून अर्जदाराच्या तज्ज्ञांना प्रश्न विचारू शकतो. या हक्काचा वापर तिथले लोक स्वस्त घरांची इमारत आपल्या शेजारी येऊ नये म्हणूनही करतात, तेव्हा ती व्यवस्था धुतल्या तांदळासारखी आहे असं नाही. पण शेजाऱ्याला कळतं तरी.

आपल्याकडे शेजाऱ्याला कळतं ते खोदकाम सुरू झाल्यावर. चार मजली, सोळा बिऱ्हाडांची इमारत जाते आणि बारा मजल्यांची येते. इथे रस्त्याची रुंदी आणि चटईक्षेत्र यांची सांगड महत्त्वाची. एकत्रिकृत नियमावलीत ९ मीटरहून अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, वापरता येत नाही. यामागचं तर्कशास्त्र साधं: रस्त्याला पेलेल तेवढीच इमारत. पुण्यात २०२० मध्ये यावर नामी उपाय निघाला. ६ मीटरचे ३२३ रस्ते कागदावर ९ मीटर करण्याचा प्रस्ताव आला. दोन्ही बाजूंचे मालक पुनर्विकासाच्या वेळी दीड-दीड मीटर सोडतील, मग रस्ता रुंद होईल, असा युक्तिवाद. प्रत्येक मालक वेगळ्या वर्षी बांधणार. तोवर रस्ता दातपडक्या कंगव्यासारखा राहणार आणि वाढीव मजले मात्र आधी चढणार. त्यावरून पुण्यात बरीच खडाजंगी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

आता इमारतीच्या आत येऊ. गाडीसाठी नियमावलीत २.५ बाय ५ मीटरची जागा धरली जाते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. आठ गाड्यांत एक गुंठा संपतो. म्हणून बिल्डरला पार्किंग ही नेहमीच विकण्याची वस्तू वाटत आली. दहिसरच्या पांचाली सोसायटीने यावर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली. ३१ ऑगस्ट २०१० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की इमारतीखालची स्टिल्टची जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. पुढे रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने आच्छादित पार्किंगला वेगळी वाट करून दिली, पण खुली जागा विकता येणार नाही हे महारेराने २०२१ मध्ये पुन्हा बजावलं. एवढं होऊनही बैठकीत ‘मी चार लाख मोजलेत’ म्हणणारा सभासद प्रत्येक सोसायटीत असतोच. जागा अपुरी असेल तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करावं, असं आदर्श उपविधी सांगतात. या वाक्याने जेवढे शेजारी अबोल झाले असतील तेवढे पाण्याच्या टाकीनेही केले नसतील.

इमारतीत किती गाड्यांची सोय हवी याचं प्रमाण २०२० च्या नियमावलीने कमी केलं, अशी तक्रार घेऊन एक जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये तिच्या सुनावणीत खंडपीठाने विचारलं होतं, की ज्यांच्याकडे जागा नाही त्यांना चार-पाच गाड्या घेऊच का द्याव्यात. मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी पार्किंगचा पुरावा असल्याखेरीज गाडीची नोंदणी नको, अशी भूमिका मांडली. जपानमध्ये हा नियम १९६२ पासून आहे. इथे असा दाखला कोण देणार, सोसायटीचा सेक्रेटरी की गुंठेवारीतला घरमालक, हे ठरेपर्यंत शोरूमची घाई कमी होणार नाही.

शुल्क लावण्याचे प्रयत्नही झाले. मुंबई महापालिकेने जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात रस्त्यावर गाडी लावल्यास हजारो रुपयांचा दंड सुरू केला, तेव्हा शहर हादरलं. पुण्याने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं. विरोधानंतर ते पाच रस्त्यांवर प्रायोगिक म्हणून आणायचं ठरलं आणि तिथेही रुळलं नाही. फुकट रस्ता हा मतदाराचा वडिलोपार्जित हक्क झाला आहे, आणि त्याला हात लावणारा नगरसेवक अजून जन्माला यायचा आहे.

तेव्हा पुन्हा त्या चौकटीकडे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ३७ हे मंजूर विकास आराखड्यातल्या फेरबदलाचं. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही इतपतच फेरबदल यात करता येतो. नकाशावर शेतीचा एक हिरवा तुकडा रहिवासाचा पिवळा केला तर स्वरूप बदलत नाही. शेजारचा केला तरी नाही. जमिनीच्या बाजारात तर ‘येलो झोन टच’ अशी जाहिरातच असते. पिवळ्याला खेटलेला हिरवा, जो आज ना उद्या पिवळा होईल अशी हमी विकणारा तोंडी देतो. बऱ्याचदा ती खरीही ठरते, आणि तेव्हा मधल्या पाणंदीवर शहराची वाहतूक येते.

या कलमाची जमेची बाजू अशी, की हरकत कुणीही घेऊ शकतो, आणि बाधित होणाऱ्यांना नोटीस व सुनावणी देणं बंधनकारक आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो; आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक आपल्या प्रतीवर घ्यावा. ‘आमच्या भागात आधीच फार गर्दी आहे’ एवढंच लिहिलेली हरकत अहवालात एका ओळीत निकाली निघते. ‘सदर सर्व्हे नंबरलगतचा रस्ता मंजूर नकाशात ९ मीटर आहे, जागेवर तीन ठिकाणी मोजला असता ६ मीटरही भरत नाही, मोजमाप व फोटो सोबत जोडले आहेत’ अशा हरकतीला बगल देणं सुनावणी घेणाऱ्यालाही जड जातं. शेजारच्या प्लॉटला हार्डशिपमध्ये काय सूट मिळाली याची टिपणी माहिती अधिकारात मागता येते. मंजूर नकाशाची प्रतही. नकाशात पार्किंग म्हणून रंगवलेल्या जागी आज औषधाचं दुकान असेल, तर तेही हरकतीच्या अर्जात लिहावं.